चुलीशेजारची चूल

झोम्बा, ६ जून

मामा,

गुडघे टेकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि अशी बातमी मला ओरडून सांगायची नाही, म्हणून टोमॅटोच्या ट्रकवाल्या बिझेकच्या हाती हे पत्र देतेय. मंत्रालयानं माझा अहवाल स्वीकारला. गावातल्या घराघरांत आम्ही दिलेली ती पंख्याची शेगडी, शेंगांच्या टरफलांच्या गोळ्यांवर चालणारी, ती आपल्या चिकोम्बेच्या बायकांनी खरोखर वापरली. इतर गावांत तिचं चार दिवस कौतुक झालं आणि पाचव्या दिवशी ती कोपऱ्यात गेली. आपल्याकडे तसं झालं नाही. शेगडीच्या पोटाला चिकटवलेलं ते ताप मोजणारं बटण माणसासारखं तोंडदेखलं बोलत नाही. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी शेगड्या तापलेल्या.

आता देशाच्या हवामान-धोरणात आपल्या गावाचं नाव येणार. लाकूड सोडलेलं गाव. सप्टेंबरात राजधानीत, लिलोंग्वेला, सभा आहे. चिकोम्बेत जमलं तर बाकीच्या जिल्ह्यांतही जमेल, असं धरून तिथली राखीव जंगलं सरपणाला बंद करायची का, हे त्या सभेत ठरेल. बोलणार मी आहे आणि पहिल्या रांगेत तुम्ही बसायचंय. आई असती तर ती बसली असती. ती नाही, तर मी आणि तादाला, आम्हा दोघी बहिणींचा कैवार घेणारे तुम्हीच.

माझे विद्यार्थी अजून तुमचं नाव काढतात. प्रत्येक अंगणाबाहेर उभं राहून आधी 'ओडी' अशी हाक घालायची आणि आतून 'या' आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे तुम्ही त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतंत. शहरातली पोरं, पण एकदाही चुकली नाहीत.

एक किरकोळ शंका. बटणांवरून दिसतं की शेगड्या हळूहळू तापतात आणि जेवणं झाल्यावरही बराच वेळ गरम राहतात. पत्र्याची शेगडी इतका वेळ ऊब धरत नाही. तुमच्या काही लक्षात आलंय का? नसलं तरी हरकत नाही. अहवाल आता मान्य झालाच आहे.

तुमची,
झिओने


चिकोम्बे, १९ जून

चि. झिओने,

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं आणि मग काचेरेच्या झाडाखाली सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, पण वाचताना ओळ चुकायची ही पहिली खेप. गावप्रमुख म्हणाले, "लास्टन, तुझ्या भाचीनं आम्हाला कागदावर आणलं." मी नुसता हसलो. जास्त बोललं की मोठेपणा उतरतो.

म्पाले डोंगराच्या पायथ्याशी मागच्या आठवड्यात फलक लागला. या गावाला आता सरपणाची गरज उरलेली नाही, सबब डोंगरावर लाकूड तोडणं-गोळा करणं बंद, असं लिहिलंय आणि खाली तुझ्या अहवालाचा हवाला, तुझ्या नावासकट. रंग अजून ओला होता तेव्हा मी जाऊन पाहून आलो. नाव बरोबर लिहिलंय.

तुझ्या शंकेबद्दल. आमच्याकडे बायका घाईनं रांधत नाहीत. न्सिमा तुला ठाऊकच आहे, मक्याचं पीठ घट्ट होत आलं की दोन्ही हातांनी म्थिको, ती लांब लाकडी पळी, धरून ढवळावं लागतं. तू लहान असताना मडकं फिरू नये म्हणून पायानं दाबून धरायचीस आणि तुझी आई तुला रागवायची. तर असं सावकाश काम. ऊब राहणारच.

शेगड्या उत्तम आहेत. सगळ्यांना आवडतात. तू काळजी करू नकोस.

लिलोंग्वेला येण्यासाठी मी कोट धुवायला काढला आहे. तादालाचं बरं चाललंय. तिचं बाळ आता रांगतं.

तुझा मामा,
लास्टन


झोम्बा, २४ जुलै

मामा,

गुडघे टेकून नमस्कार. तुमच्या उत्तरानं जीव भांड्यात पडला. 'सावकाश रांधण्याची पद्धत' असा एक परिच्छेदच मी भाषणात घातलाय.

पण मी तुमच्यावर रुसले आहे. बिझेक सांगत होता की त्यानं तादालाला वनकचेरीच्या आवारात पाहिलं, हातात झाडू होता. तिला तिथे नोकरी लागली आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही? सरकारी काम, मग ते झाडण्याचं का असेना. मी तिला किती दिवस फोन करतेय, बंदच लागतो. आता साहेबीण झाली म्हणून मोठ्या बहिणीला विसरली का, विचारा तिला. बाळाला कोण सांभाळतं? सभेला ती पण आली तर किती बरं होईल. फलकावर बहीण आणि कचेरीत बहीण, मंत्रालयवाल्यांना दाखवता येईल.

तुमच्या कोटाचं माप बिझेकबरोबर पाठवा. नवा शिवून घेते.

झिओने


चिकोम्बे, ८ ऑगस्ट

झिओने,

तुझं पत्र मिळालं. हो, तादाला तिथे झाडते.

कोट नको. गुडघा दुखतो आहे, लिलोंग्वेचा प्रवास झेपणार नाही. तू नीट बोल. इकडे सर्व ठीक.

लास्टन


चिकोम्बे, १२ ऑगस्ट

डॉक्टरबाई,

तुझं अभिनंदनाचं पत्र मामांनी मला दाखवलं नाही. त्यांच्या कोटाच्या खिशातून मीच काढलं. हो, तोच कोट, जो धुऊन वाळवून आता खुंटीवर लटकतोय. माझ्या नोकरीबद्दल तुला इतका आनंद झाला म्हणून तपशील कळवते.

मला म्पालेच्या उतारावर धरलं. वाळक्या फांद्यांची मोळी डोक्यावर आणि बाळ पाठीला बांधलेलं. रखवालदार ओळखीचा, आपल्या गावातल्या नाफिरीचा जावई. तो म्हणाला, "ताई, फलक तुझ्याच बहिणीचा आहे, मी काय करू?" पोलीस चौकीत बसवलं. न्यायाधीशानं बाळाकडे बघून तुरुंग टाळला आणि शिक्षा दिली की नोव्हेंबरात पावसाळा सुरू होईपर्यंत वनकचेरीचं आवार झाडायचं. ते आवार रस्त्याला लागून आहे. बाजाराला जाणारं प्रत्येक माणूस मला बघत जातं. तू ज्यांच्यासमोर मिरवणार आहेस त्यांना हेही दाखव.

आता तू विचारशील, शेगडी असताना लाकडाला का गेलीस? तुझी शेगडी बारीक पायांची आहे, झिओने. भाजी होते तिच्यावर, चहा होतो. न्सिमा घट्ट झाली आणि म्थिको घातली की मडक्यासकट शेगडीच फिरते. पहिल्याच आठवड्यात नाफिरीच्या सगळ्या घराची न्सिमा मातीत गेली. मग ज्यानं त्यानं गुपचूप आपापले तीन दगड परत मांडले. तुझ्या गोळ्यांनी चूल मात्र झकास पेटते, म्हणून त्या संपत होत्या. तुला वाटलं, खपतायत.

आणि ते बटण. तुझ्या पोरांनी सांगितलं की हे ताप मोजतं. ते ऐकून मामा घरोघर फिरले. म्हणाले, "भाचीनं दिलेली वस्तू कोपऱ्यात थंड पडलेली दिसली तर माझ्या बहिणीच्या घराण्याची अब्रू जाईल. वापरता येत नसेल तर निदान चुलीशेजारी ठेवा, ऊब लागू द्या." मामांचा शब्द कोण मोडणार? रोज चूल पेटली की आम्ही तुझी शेगडी तिच्याजवळ सरकवायचो, थंडीत म्हातारीला शेकायला बसवावं तशी. तुझी पोरं यायची तेव्हा तर काय, बाहेरून ओडी म्हणून शहाण्यासारखी थांबायची. तेवढ्या वेळात दगडांवर टोपलं पालथं आणि शेगडी अंगणाच्या मधोमध. इतकी सभ्य पोरं मी पाहिली नाहीत.

मला धरलं त्या दिवशी मामा चौकीपर्यंत आले होते. कुंपणाबाहेर उभे होते, मला खिडकीतून दिसले. आपल्याकडे बाईवर बालंट आलं की तिच्या वतीनं बोलायला मामा उभा राहतो, त्यासाठीच तर मामा असतो. पण ते आत येऊन काय बोलणार होते? शेगड्या चालत नाहीत म्हणाले तर तू खोटी. चालतात म्हणाले तर मी चोर. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि निघून गेले. मी त्यांच्यावर चिडले नाही. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

फोन मीच बंद ठेवलाय.

तादाला


झोम्बा, १७ ऑगस्ट

मामा,

तादालाचं पत्र आलं. तुम्हाला माहीत नसेल, तिनं सगळं लिहिलंय. चौकीचं कुंपणसुद्धा.

आधी मला तुमचा राग आला. वाटलं, लाज राखायला निघालात आणि माझं तोंड काळं केलंत. दोन पानं त्याच सुरात लिहिली आणि फाडून टाकली. कारण मामा, ज्या दिवशी बटणांवरचे आकडे पहिल्यांदा पडद्यावर आले त्याच दिवशी मला कळलं होतं.

पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो. दगड आणि राख सावकाश तापतात आणि सावकाश निवतात. आलेखावरची ती उतरती रेघ मी बघितली आणि मला आपलं अंगण आठवलं, जेवणं झाल्यावर राखेत रताळी पुरून ठेवायची आई, ते आठवलं. म्हणजे रेघ कशाची आहे हे मला ओळखता आलं होतं. पण विद्यापीठातली माणसं मागे उभी होती आणि कुणीतरी म्हणालं, "किती छान आकडे आहेत." मी त्या रेघेला 'मंद आचेचा स्वयंपाक' असं नाव देऊन टाकलं. मग तुम्हाला ती 'किरकोळ शंका' विचारली, ती उत्तर हवं होतं म्हणून नाही. तुम्ही खोटं बोलाल याची मला खात्री होती आणि मला तेच हवं होतं. म्हातारपणी तुम्हाला खोटं बोलायला लावलं ते मी.

शेगडीची चाचणी आम्ही पाणी उकळून घेतली. बाहेरच्या देशांतून नियम तसे आले होते. पाणी ढवळावं लागत नाही. न्सिमा ढवळावी लागते हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले, कारण तिथे न्सिमेचं नाव काढलं असतं तर मी गावठी दिसले असते. हे कागदावर लिहितानासुद्धा मान वर होत नाही.

आणि तादालाला मी लिहिलं, साहेबीण झाली म्हणून.

सभा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. गप्प बसले तर आणखी कितीतरी डोंगरांखाली असे फलक लागतील आणि कितीतरी बायका झाडू घेऊन उभ्या राहतील. बोलले तर माझं काम गेलं, माझ्या हाताखालच्या पोरांचंही गेलं, आणि चिकोम्बे म्हणजे शास्त्रज्ञांना फसवणारं गाव असं होईल. तुमचं नाव घेतल्याशिवाय मला हे सांगता येणार नाही. तुम्ही मामा आहात. तुमच्या परवानगीशिवाय मी तुमची अब्रू चारचौघांत काढणार नाही. काय करू ते सांगा.

झिओने


चिकोम्बे, २६ ऑगस्ट

पोरी,

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. बायकोला सांगितलं, गुडघा. ती म्हणाली, "गुडघा जुलै महिन्यापासून दुखतोय आणि तुम्ही लंगडता मात्र कधीच नाही."

तिसऱ्या दिवशी गावप्रमुखांना सांगून काचेरेखाली सगळ्यांना बोलावलं. जिथे तुझं पत्र मोठ्यानं वाचलं होतं तिथेच उभा राहिलो. म्हणालो, शेगड्या चुलीशेजारी ठेवा हा हुकूम माझा होता. तादाला उन्हात झाडते आहे ती माझ्यामुळे. चौकीच्या दारातून मी परत फिरलो, कारण मला भाचीपेक्षा भाचीचा फलक मोठा वाटला. एवढं बोललो आणि धडा अर्धा सोडावा तसा खाली बसलो. मास्तर असून.

मग नाफिरी म्हणाली, "मामा, माझ्या शेगडीत कोंबडी अंड्यांवर बसलीय. चौकशी करायची तर आधी तिची करा, गावात शेगडी वापरणारी ती एकटीच आहे." लोक हसले. मीही हसलो असतो, पण त्यानंतर ती जे म्हणाली ते ऐक. म्हणाली, "न्सिमा मातीत गेली तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातांना जमत नाही. डॉक्टरनं केलेली वस्तू चुकेल कशी? शेजारणीला विचारायची लाज वाटली." मग दुसरी म्हणाली, मलाही तसंच वाटलं. तिसरीही म्हणाली. प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्यांची शेगडी चालते आणि आपणच अडाणी. माझ्या हुकुमानं मी त्या सगळ्यांची तोंडं बंद करून ठेवली होती. घराण्याची झाकली मूठ सांभाळायला निघालो आणि गावातल्या बायकांना एकमेकींपासून लपायला लावलं.

तू परवानगी मागितलीस. माझं नाव घे. लास्टन चिपेता, निवृत्त शिक्षक, असं पूर्ण घे. ज्याच्याकडे परवानगी मागावी असा माणूस मी राहिलोय की नाही, ते मला कळत नाही. पण तुला विचारावंसं वाटलं, ते मी जपून ठेवलं आहे.

तादाला काचेरेखाली आली नव्हती. ती झाडायला गेली होती. परत येताना मी तिच्याबरोबर चालत आलो. ती वेगळ्या वाटेनं गेली नाही.

मामा


लिलोंग्वे, ५ सप्टेंबर

मामा,

गुडघे टेकून नमस्कार.

बोलले. ती रेघ पडद्यावर दाखवली आणि सांगितलं की हा शेगडीचा ताप नाही, शेजारी पेटलेल्या चुलीचा आहे. एक साहेब म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं तुम्ही आम्हाला चूलच दाखवत होता?" मी हो म्हणाले. सभागृह हसलं. त्यांनी हसावं अशीच गोष्ट होती ती.

मग कारोंगाकडच्या एक वयस्क बाई उठल्या, मंत्रालयातल्याच. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मुली, त्या शेगडीवर तू स्वतः एकदा तरी न्सिमा केलीस का?" मी नाही म्हणाले. मामा, इतकी लाज मला बाकी कशाचीच वाटली नाही. सगळं संपल्यावर मी जिन्याखाली उभी राहून रडले.

तुमचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं. पण हुकूम तुमचा असला तरी रेघ मला ओळखता आली होती, हे आधी सांगितलं. गाव फसवं नाही, आम्हीच आधी निरोप देऊन, ओडी म्हणून, शेगडी बाहेर काढायला वेळ देऊन मोजायला गेलो, असंही सांगितलं.

बाकीच्या जंगलांचा निर्णय पुढे ढकलला आहे. म्पालेचा फलक मात्र तसाच राहणार. नवी मोजणी होईपर्यंत मान्य झालेला अहवाल मान्यच धरतात म्हणे. तादालाची शिक्षाही मला थांबवता आली नाही, अर्ज दिला आहे. माझा प्रकल्प बंद झाला. पोरांना दुसरीकडे जागा शोधून देतेय.

मला गावी यायचं आहे. बटणं घेऊन नाही. नुसतं बसून बघायचं आहे, कोण काय रांधतं आणि कसं. पण तादाला मला अंगणात घेईल का? कुठला दिवस सोयीचा ते कळवा, म्हणजे तुमची तयारी नसताना मी येऊन पडायला नको.

झिओने


चिकोम्बे, १३ सप्टेंबर

पोरी,

तादालाला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती भोपळ्याचा पाला निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "तिला सांगा, आली तर न्सिमा तिनंच करायची. त्या शेगडीवर. मडकं पायानं धरायला मी बसेन." यावरून तुला काय समजायचं ते समज. मला तरी बरं वाटलं.

दिवस मी कळवणार नाही. तूही कळवू नकोस. बिझेकच्या ट्रकमधून उतरलीस की सरळ चालत ये. धूर असेल, डोळे चुरचुरतील. चुलीवर काय असेल आणि घरात काय नसेल, ते तुझं तू बघ.

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं की ओडी न म्हणता दुसऱ्याच्या अंगणात शिरतो तो एक तर चोर असतो नाही तर चेटक्या. तरी तुला सांगतो, तू ओडी म्हणू नकोस. म्हणालीस, तर आम्ही पुन्हा काहीतरी लपवू.

तुझा मामा